तूट वाटून घेणारी जमीनवाटणी

फाळणीत पश्चिम पंजाब सोडून आलेल्या लाखो शेतकऱ्यांना पुन्हा जमिनीवर कोणी बसवले, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. पूर्व पंजाबच्या पुनर्वसन खात्याचे महासंचालक तरलोक सिंग यांचे ते काम. निर्वासितांनी मागे टाकलेली जमीन सुमारे ६७ लाख एकर. इकडून गेलेल्या मुसलमान शेतकऱ्यांची मोकळी झालेली जेमतेम ४७ लाख. त्यातही पश्चिम पंजाबातल्या लायलपूर, माँटगोमरीकडची जमीन कालव्याखालची, तर इकडची बरीचशी कोरडवाहू. आधी प्रत्येक कुटुंबाला तात्पुरती चार हेक्टर जमीन देऊन पेरण्या सुरू करून दिल्या. कायमच्या वाटपासाठी सिंग यांनी ‘प्रमाण एकर’ ठरवला: दहा-अकरा मण पीक देईल तेवढी जमीन. कालव्याखाली तो एका एकराचा, कोरड्या भागात चार एकरांचाही. मग तुटीची वाटणी झाली, आजच्या प्राप्तिकरासारखी टप्प्याटप्प्याने. पहिल्या दहा एकरांवर २५ टक्के कपात, पुढे ती चढत जाऊन पाचशे एकरांवरच्या हिश्शाला ९५ टक्के. पुरी जमीन कोणालाच मिळाली नाही, पण लहान शेतकऱ्याच्या हाती पोटापुरती उरली आणि बड्या जमीनदाराला सर्वाधिक झळ बसली.

माझ्या मते या कामाचे खरे बळ सूत्रापेक्षा उघडेपणात होते. १९४८ मध्ये पाच लाखांवर दावे आले आणि प्रत्येक दावा त्याच गावातून आलेल्या लोकांसमोर वाचला गेला. कोणाची किती जमीन होती हे शेजाऱ्याइतके कोणाला माहीत असते? फुगवलेले दावे तिथेच उघडे पडले. खोटे बोलणाऱ्याची जमीन कापली गेली, काहींना तुरुंगही दिसला. १९४९ च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारे अडीच लाख वाटपे झाली होती. सरकारी कामाचा हा वेग आज खरा वाटत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की जमीन आयती रिकामी झाली होती, मग कौतुक कसले? पण रिकामी जमीन बळकावणाऱ्यांच्या हातीही जाऊ शकते. नियम आधी जाहीर झाला म्हणून इथे ते बऱ्याच अंशी टळले. दुसरा आक्षेप जड आहे. कायमचे वाटप जुन्या मालकीवर बेतलेले असल्याने भूमिहीन शेतमजूर, त्यांत मोठ्या संख्येने दलित, त्याबाहेरच राहिले. ही उणीव नाकारता येत नाही आणि घाईचे कारण तिला पुरत नाही. तरीही चढत्या कपातीने मोठी जमीनदारी छाटली, हे त्याच वाटपाचे फलित आहे.

महाराष्ट्राला हे सारे परके नाही. प्रकल्पग्रस्तांसाठी १९७६ मध्येच आपण स्वतंत्र कायदा केला, पण कोयनेच्या विस्थापितांचा जमिनीचा प्रश्न धरणानंतर सहा दशके उलटली तरी पुरता मिटलेला नाही. आपल्याकडे याद्या कार्यालयात बनतात आणि दुरुस्त्याही तिथेच होतात. सरकारने आता एवढे तरी करावे: प्रत्येक प्रकल्पग्रस्ताची नोंद त्याच्या मूळ गावच्या लोकांसमोर वाचावी, हरकती तिथेच ऐकाव्यात आणि वाटपाचा नियम पहिला सातबारा हाती देण्याआधी छापून लावावा.