'संयुक्त' कोण, उपक्रम कोणाचा?

मराठीत 'संयुक्त' या शब्दाला एक वजन आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने ते त्याला मिळवून दिले. व्याकरणात जोडाक्षराला आपण संयुक्त व्यंजन म्हणतो. तिथेही दोन्ही व्यंजने आपापला उच्चार राखून असतात. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर हाच शब्द 'जॉइंट व्हेंचर'चा प्रतिशब्द म्हणून सुखाने नांदतो आणि भाषेच्या अध्यापकांना त्यात काही खटकत नाही. ते खटकायला हवे.

उदाहरण मारुतीचेच घेऊ. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ साली स्थापन झाली. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी तिचा करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. सुझुकीचा वाटा तेव्हा २६ टक्के होता. पुढे तो मारुतीच्या शेपटासारखा वाढत गेला: आधी ४०, १९९२ साली ५०, २००२ साली ५४ टक्क्यांच्या वर. मधल्या काळात, १९९७ साली, व्यवस्थापकीय संचालक कोणी नेमायचा यावरून दोन्ही भागीदारांत उघड भांडण झाले. २००७ साली सरकारने उरलासुरला वाटा विकला आणि त्याच वर्षी कंपनीच्या नावात सुझुकी आले. जोडाक्षरातले एक व्यंजन गळाले. याला संयोग म्हणावे की लोप, हे व्याकरण शिकवणाऱ्यांनीच सांगावे.

कोणी म्हणेल, हे रडगाणे कशाला? अ‍ॅम्बॅसडरसाठी किंवा कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीसाठी वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या मध्यमवर्गाला या गाडीने मोकळे केले, सुटे भाग बनवणारे किती तरी कारखाने उभे राहिले. हे सारे खरे आहे आणि ते नाकारणारा सूर मला पोकळ वाटतो. पण सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवावेत, ही अट सरकारची होती. ते यश अट घालण्याचे आहे. बातमीत मात्र श्रेय जाते ते कंपनीच्या 'दूरदृष्टी'ला.

दुसरा शब्द 'उदयोन्मुख बाजारपेठ'. १९८१ साली आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळातल्या अँटोइन व्हॅन आग्टमाएल यांनी हा शब्दप्रयोग घडवला, कारण 'तिसरे जग' म्हटले की गुंतवणूकदार बिचकत. म्हणजे हा शब्द जन्मतःच जाहिरातीचा आहे. तो आपण अर्थशास्त्राचा म्हणून स्वीकारला आणि एका देशाचे दुकान झाले. आज सुझुकीच्या जगभर खपणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतात खपतात. मग उदय नेमका कोणाचा झाला?

तिसरी गोष्ट वाक्यरचनेची. या बातम्यांत कर्ता नेहमी कंपनी असते: ती 'झेप घेते', 'मुसंडी मारते', 'उच्चांक गाठते'. गाडी जोडणारा माणूस 'मनुष्यबळ' या सामान्यनामात विरघळतो. तो कर्तृपदी येतो तो थेट मानेसरमध्ये. तिथे २०११ साली कामगारांनी स्वतःच्या संघटनेसाठी संप केले, तेव्हा तो 'उत्पादनातला अडथळा' होता. १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार झाला आणि एका अधिकाऱ्याचा जीव गेला. त्या मृत्यूचे समर्थन कोणत्याही शब्दांत होऊ शकत नाही. २०१७ साली न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप झाली. ११७ जण निर्दोष सुटले, आणि त्यांतल्या अनेकांनी तोवर तुरुंगात वर्षे काढली होती. या ११७ जणांसाठी अर्थविषयक पानाच्या शब्दकोशात शब्दच नाही.

आपण वर्गात कवितेतली एकेक प्रतिमा सोलून दाखवतो आणि ज्या गद्याने विद्यार्थ्याची नोकरी, पगार, कंत्राट ठरते त्याला हात लावत नाही. ते 'साहित्य' नाही, ही सबब सोयीची आहे. येत्या सत्रात शैलीविज्ञानाच्या तासाला विक्रीच्या उच्चांकाची एक बातमी फळ्यावर लिहावी आणि विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा: या वाक्यातला कर्ता कोण, आणि काम कोणी केले?