वर्ग भरतो मोबाइलवर
डिंगोऱ्याहून कॉलेजला जाणाऱ्या मुलांचा वर्ग कॉलेज उघडण्याआधीच मोबाइलवर भरलेला असतो. गाव जुन्नर तालुक्यात, कल्याण-नगर महामार्गावर. पदवीसाठी जवळचं ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय, नाहीतर जुन्नरचं श्री शिवछत्रपती. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. परीक्षेचा अर्ज असो वा निकाल, सगळं ऑनलाइन, आणि त्याची खबर व्हॉट्सॲपवर. वर्गाचे ग्रुप बहुधा दोन असतात. एक प्राध्यापकांचा, जिथे फक्त ॲडमिनला लिहिता येतं. ही सोय २०१८ सालची. दुसरा मुलांचा स्वतःचा, आणि खरी देवाणघेवाण तिथेच चालते. ‘पहिला तास होणार का?’, ‘एसटी आली का?’, ‘जर्नलच्या पानांचे फोटो टाक ना, काल कांदा काढायला थांबलो होतो.’ मध्येच एखादा निरोप: उसाच्या कडेला बिबट्या दिसलाय, एकटंदुकटं निघू नका. जुन्नर तालुक्यात हा निरोप जिवाचा असतो. २०१६ साली एका ग्रुपात २५६ जण मावू लागले, २०२२ मध्ये १०२४. पण गर्दी वाढली की कामाचा निरोप शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो. त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच. ग्रुपात आलं की नंबर सगळ्यांपुढे उघडा पडतो. अनोळखी मेसेज येऊ लागले की मुलगी मुकाट्याने ग्रुप सोडते, आणि अर्जाची शेवटची तारीख तिला कळतच नाही. ज्या घरात एकच फोन वडिलांसोबत बाजाराला जातो, तिथेही तेच. म्हणून प्रत्येक महत्त्वाची सूचना कॉलेजच्या फलकावरही लागलीच पाहिजे, आणि मुलींसाठी वेगळा ग्रुप करून त्याची ॲडमिन एखादी प्राध्यापिका असावी.