औषधाला कोरडी बरणी, रुग्णाला ओली भिंत

मृगाचा पाऊस तोंडावर आला की स्वतःचे औषधालय चालविणारा प्रत्येक वैद्य आणि प्रत्येक औषधविक्रेता काही कामे न चुकता करतो. बरण्यांची झाकणे तपासली जातात. लवणभास्कर, हिंग्वाष्टक, सितोपलादी यांच्या डब्यांत सिलिका जेलच्या नव्या पुड्या पडतात. यवक्षारासारखी द्रव्ये घट्ट बुचाच्या काचेच्या बाटल्यांत जातात आणि पोती जमिनीवरून फळीवर चढतात. ही दक्षता योग्यच आहे. परंतु ज्या रुग्णाच्या हाती आपण हे कोरडे चूर्ण देतो, तो ते घेऊन कोणत्या खोलीत जातो, कोणत्या भिंतीला पाठ लावून झोपतो, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे. त्यातील पहिले दोषी आम्ही स्वतः आहोत, हे आधीच सांगितलेले बरे.

वस्तुतः शास्त्राने या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. औषधे कोठे ठेवावीत याचे वर्णन चरकसंहितेच्या कल्पस्थानात आरंभीच येते. अग्नी, पाणी, उपस्वेद, धूर, धूळ आणि उंदीर यांचा उपसर्ग जेथे पोहोचणार नाही अशी ती जागा असावी. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात, तस्याशितीय अध्यायात, वर्षा ऋतूत माणसाने कोठे राहावे हेही सांगितले आहे, आणि त्यासाठी वापरलेला शब्द आहे 'अक्लेदि'. वाग्भटाने तर घराचा मजलाही सुचविला. भूबाष्प, गारठा आणि पावसाचे तुषार यांपासून दूर, घराच्या वरच्या भागात राहावे, असा त्याचा उपदेश आहे. आपण सर्वांनी बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षातच ऋतुचर्या पाठ केली. पुढे व्यवसायात त्यातील आहार लक्षात राहिला. जुने धान्य, मध, उकळून गार केलेले पाणी हे आपण आजही पथ्याच्या कागदावर छापतो. राहण्याची जागा मात्र त्या कागदावरून केव्हा गळून पडली, ते कळलेच नाही.

आमचा व्यवसाय चिपळुणात. सन २०१८च्या पावसाळ्यात आमच्या दुकानातील लवणभास्कर चूर्णाचे डबे एकामागून एक गोळे होऊन परत येऊ लागले. आम्ही उत्पादक कंपनीस तिखट पत्र लिहिले. कंपनीचा प्रतिनिधी आला, त्याने डबे पाहिले, आमची मांडणी पाहिली, आणि काहीही न बोलता मांडणीमागच्या भिंतीला हात लावून तो तळवा आमच्यापुढे धरला. तळवा ओला होता. मागच्या बाजूची पागोळी फुटली होती आणि ते पाणी तीन महिने भिंतीत मुरत होते. पत्राबद्दल दिलगिरी व्यक्त करून आम्ही मांडणी हलविली आणि काही शे रुपयांचे एक आर्द्रतामापक यंत्र आणून दुकानात टांगले. तेव्हापासून चूर्णाची तक्रार नाही.

पुढे २०२१च्या जुलैत वाशिष्ठीचा महापूर आला. आमचे दुकान उंचावर असल्याने वाचले, पण बाजारपेठेतील आणि नदीकाठच्या वस्तीतील घरे पाण्यात गेली. त्या वर्षी ऑक्टोबरात आठ वर्षांचा एक मुलगा तमक श्वासाच्या तक्रारीसाठी आमच्याकडे आणला गेला. रात्री दोन-अडीचच्या सुमारास वेग येई, सकाळी शिंकांची मालिका सुरू होई. आम्ही दोषदूष्यांचा विचार करून औषधे योजिली. दही बंद केले, केळे बंद केले, आइस्क्रीम तर केव्हाच बंद केले होते. दिवाळीत तो आजोळी, साताऱ्याकडे गेला आणि पंधरा दिवस उत्तम राहिला. परत आल्यावर तिसऱ्या रात्री पुन्हा वेग आला. त्याच्या आईने हे आम्हांस स्पष्ट शब्दांत सांगितले होते. आम्ही त्याचा अर्थ असा लावला की आजोळी लाड होऊनही पथ्य पाळले गेले असावे आणि इकडे शाळेत ते मोडत असावे. अपथ्याची यादी आणखी लांबली. मूल बिचारे रडकुंडीला आले.

फेब्रुवारीत त्याच्या आजीच्या मोडलेल्या पायासाठी आम्हांस त्या घरी जावे लागले. आजींची खाट आणि नातवाचा बिछाना एकाच खोलीत. आत पाऊल टाकताच तो ओळखीचा कुबट वास आला. पुराचे पाणी ओसरल्यावर दिवाळीपूर्वी घर 'नवे' दिसावे म्हणून भिंतींना घाईने तैलरंग दिला होता आणि त्याला लागून लाकडी कपाट उभे केले होते. ओल्या भिंतीवर तैलरंग देणे म्हणजे ओल आत कोंडणे होय. कपाट ओढले तेव्हा मागे कमरेपर्यंत काळी बुरशी होती. दुकानातील यंत्र मागवून घेतले. बाहेर ओटीवर भर दुपारी आर्द्रता पन्नाशीच्या आसपास, आणि त्या खोलीत ७८ टक्के! चूर्णाच्या डब्यासाठी जे यंत्र चार वर्षे भिंतीवर टांगलेले होते, ते या मुलाच्या उशाशी नेण्याचे आम्हांस चार महिने सुचले नाही.

मुलाला दुसऱ्या खोलीत हलविले. कमरेपर्यंतचा गिलावा काढून भिंत मे महिन्यापर्यंत उघडी ठेवली, नंतर चुन्याचा हात दिला. वेग विरळ झाले. औषधाने जे चार महिन्यांत साधले नव्हते ते घडले, पण मुलगा संपूर्ण बरा झाला असा दावा आम्ही करीत नाही. त्याच्या बालरोगतज्ज्ञांनी दिलेले श्वासमार्गाचे औषध आजही त्याच्या दप्तरात असते आणि ते असावेच. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला पाय, असे आपण भाषणांत म्हणतो. येथे निदान भिंतीत होते आणि आम्ही ते ताटात शोधत होतो.

आता थोडे या ओलाव्याच्या स्वभावाविषयी. हवा जितकी उष्ण तितकी ती अधिक बाष्प धरते. तीस अंशांची हवा घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम पाणी धरू शकते, तर वीस अंशांची जेमतेम सतरा. म्हणून दिवसभराची बाष्पयुक्त हवा रात्री गार भिंतीला भेटली की तेथे ओल धरते आणि कपाटामागे, कोपऱ्यात, गादीखाली, जेथे हवा फिरत नाही तेथे ती टिकते. घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी, शक्यतो ४० ते ५०च्या दरम्यान. पन्नाशीच्या वर धुळीतील सूक्ष्म किडे वाढतात. भिंतीलगत ऐंशीच्या वर गेली की बुरशी जोमाने वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील ओल आणि बुरशी या विषयावर २००९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि ओलसर घरे व श्वासाचे विकार यांचा संबंध मान्य केला.

घरात हे पाणी येते कोठून? केवळ पावसातून नव्हे. एक माणूस श्वास आणि त्वचेवाटे दिवसाला सुमारे लिटरभर पाणी हवेत सोडतो. बादलीभर पिळलेले कपडे घरात दोरीवर वाळले की दीड-दोन लिटर पाणी खोलीतच राहिले. आणि ज्याचा आपण विचारही करत नाही तो स्वयंपाकाचा गॅस! एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते, १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत बावीस लिटरांच्या आसपास पाणी स्वयंपाकघराच्या हवेत गेलेले असते. शिजणाऱ्या भाताची वाफ निराळीच.

कोकणातील आषाढ-श्रावणात बाहेरची आर्द्रताच नव्वदीला टेकलेली असते. अशा वेळी 'खिडक्या उघडा, हवा खेळू द्या' हा आपला ठरीव सल्ला निम्माच खरा ठरतो. बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हाच उघड्या खिडकीने घर सुकते. पहाटेच्या धुक्यात खिडक्या सताड उघडण्यापेक्षा पाऊस उघडलेल्या दुपारी दोन तास उघडाव्यात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांची वाफ मात्र तेथल्या तेथे पंख्याने बाहेर घालवावी आणि त्या वेळी आतले दार लावून घ्यावे. कपडे एकाच खोलीत, दार बंद व खिडकी उघडी ठेवून वाळवावेत. झोपण्याच्या खोलीत कदापि नाही. कपाट आणि खाट बाहेरच्या भिंतीपासून निदान चार अंगुळे दूर असावी. गादी जमिनीवर असेल तर सकाळी ती उभी करावी. ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्याने त्यातील कोरडेपणाची योजना वापरावी, खोली बर्फासारखी गार करू नये. सर्वांत महत्त्वाचे काम पावसाआधीचे आहे. पागोळ्या, कौले आणि गच्चीच्या भेगा आगोटीपूर्वी पाहाव्यात, कारण गळतीपुढे कोणताही उपाय चालत नाही.

येथे एक अप्रिय मत नोंदविणे भाग आहे. ओलसर घर म्हटले की आपल्यातील अनेक जण तत्काळ धूपन सांगतात. गुग्गुळ, वेखंड, कडुनिंब यांच्या धूपनाविषयी आम्हांस आदर आहे. पण धुराने भिंतीतील पाणी जात नाही. वाग्भटाने वर्षाकाळी धूप दिलेली वस्त्रे सांगितली आहेत. बंद, कुबट खोलीत श्वासाच्या रुग्णाला बसवून ती खोली धुराने भरावी, असे कोठेही सांगितलेले नाही. आम्ही असे धूपन दिल्यावर वेग वाढलेले रुग्ण पाहिले आहेत. हेमंतातील अंगारतापाचेही तसेच. दारे-खिडक्या बंद करून सदनिकेत शेगडी पेटविणे प्राणघातक आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

देशविचार तर आपला बालेकिल्ला. पण घराच्या बाबतीत आपण जांगल आणि आनूप यांना एकच सल्ला देतो. ग्रीष्मासाठी ग्रंथकारांनी धारागृह आणि वाळ्याचा गारवा सांगितला आहे. नागपूर-अकोल्याकडचा वाळ्याची ताटी लावलेला कूलर हा त्याचाच वंशज. वैशाखातील कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, कारण तेथे हवेला पाण्याची भूक असते. समोरची खिडकी मात्र उघडी हवी. मृगाच्या सरी सुरू झाल्यावरही खिडक्या लावून तोच कूलर रात्रभर चालविणारी घरे विदर्भातील आमचे वैद्यमित्र नेहमी वर्णन करतात. चादर ओलसर, सकाळी सांधे धरलेले, आणि मग आमवाताच्या औषधाची चिठ्ठी! कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी करणेही तितकेच आवश्यक, अन्यथा डेंग्यूचे डास तेथेच वाढतात. हाच कूलर मुंबई-रत्नागिरीच्या मे महिन्यात घेणाऱ्याने पैसे देऊन घाम विकत घेतला असे समजावे.

शरदाविषयी फार सांगणे नको. 'ऑक्टोबरची काहिली' म्हणून आपण जिला नावे ठेवतो ती घर सुकविण्याची देणगी आहे. गाद्या, पुस्तके, कपाटे सारे तेव्हा उन्हाला दाखवावे. हिवाळ्यात पठारावर प्रश्न उलटा होतो: ओठ फुटतात, घोळणा फुटतो, कोरडा खोकला सुरू होतो. परदेशी गेलेल्या मुलांचे आईवडील तिकडून दूरध्वनी करून हीच लक्षणे सांगतात. बाहेरची उणे दहा अंशांची हवा घरात एकवीस अंशांपर्यंत तापविली की तिची आर्द्रता दहा-अकरा टक्क्यांवर येते. तेथे अभ्यंग आणि नस्य सांगताना खोलीत आर्द्रता वाढविणारे यंत्रही सांगावे, त्यातील पाणी रोज बदलावयास सांगावे, आणि खिडकीच्या काचेवर पाणी धरू लागले की ते थांबवावयासही.

सर्वांनाच भिंत फोडता येत नाही. भाड्याच्या तळमजल्यावरील खोलीत राहणाऱ्यास 'घर बदला' असे सांगणे म्हणजे काही न सांगणेच. पण खाट सरकविणे, दोरीची जागा बदलणे, घरमालकाला गळती दाखविणे हे तोही करू शकतो. ओली भिंत सुकविण्यात कोणाचीही बाटली विकली जात नाही, त्यामुळे हा सल्ला देणारा दुसरा कोणी त्याला भेटण्याचा संभव कमी.

आम्ही आता केसपेपरवर 'भूक' आणि 'निद्रा' यांच्या खाली तीन प्रश्न छापून घेतले आहेत: झोपता ती भिंत ओली होते काय? कपडे कोठे वाळवता? बाहेरगावी गेल्यावर त्रास कमी होतो काय? तिसऱ्याचे उत्तर 'होय' आले की यंत्र रुग्णासोबत चार दिवस घरी पाठवितो. अशी दोन यंत्रे औषधविक्रेत्या बंधूंनीही उसनी देण्यासाठी ठेवावीत. देण्यापूर्वी ती एकदा पारखून घ्यावीत. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधे मीठ घेऊन थेंब-दोन थेंब पाण्याने चिखलासारखे ओले करावे आणि यंत्रासह प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत बारा तास बंद ठेवावे. यंत्राने ७५ दाखवावयास हवे. जितका फरक येईल तितका कागदावर लिहून यंत्राच्या पाठीस चिकटवावा.

येत्या पावसाळ्यात ज्या वैद्यबंधू-भगिनींना शक्य आहे त्यांनी आपल्या भागातील अशा दहा घरांच्या सकाळ-दुपारच्या नोंदी, मजला, भिंतीचा प्रकार आणि रुग्णाचे लक्षण यांसह संपादकांकडे पाठवाव्यात. चिपळूण परिसरातील दहा घरांच्या आमच्या नोंदी आम्ही दिवाळीपूर्वी देऊ.