आराम हराम नाही

लेहहून खारदुंगला करून आलो, त्याच्या दुसऱ्या सकाळी युनिफॉर्मचं बटण लागेना. करंगळी आणि अनामिका बधिर. मेसमध्ये सांगितलं तर एक तरुण कॅप्टन हसला, "सर, हँडलला जाड टेप? हे तर सिव्हिलियन लाड!"

लाड? रूट मार्चच्या आधी आपण जवानांचे मोजे तपासतो, त्याला कोणी लाड म्हणत नाही. अकादमीत रगडा मीही खाल्लाय, पण रगड्याला हेतू असतो. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस तासन् तास चेपून कोण कणखर होतो? उतारावर सगळा भार हातांवर येतो आणि नेमकी तिथेच मूठ सैल पडते.

म्हणून रोड बाइकला तीन मिलिमीटरची, घामातही न निसटणारी टेप गुंडाळा. पंजा लहान असेल तर अडीच पुरे. दांडा मुठीत मावला नाही तर पकडच थकते. आणि सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर आधी ते सरळ करा. त्यावर टेपचा इलाज नाही.

माझी बोटं पूर्ववत व्हायला तीन आठवडे गेले. टेप बदलायला अर्धा तास.