प्रत्येक होलचा वेगळा विचार

खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोने विकसित केलेले खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे. गोल्फ हा केवळ धनिकांचा शौक अशी आपली समजूत असली, तरी निवृत्तीनंतर या खेळात रमलेले ज्येष्ठ नवी मुंबईत आहेत. त्यांच्या घरची मंडळी मला विचारतात, ‘‘डॉक्टर, सत्तरी उलटली, आता हे बंद करायला नको का?’’ माझे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच असते. मात्र तिशीत खेळत होतो तसेच सत्तरीत खेळण्याचा हट्ट सोडावा लागतो.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी सुमारे ३ लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या. समान वयाच्या आणि समान सामाजिक स्तरातील इतरांच्या तुलनेत त्यांच्यातील मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. मुळात निरोगी माणसेच हा खेळ खेळत असतील, ही शक्यता यात आहेच. तरीही अठरा होलच्या एका फेरीत सहा-आठ किलोमीटरची चाल होते, मोकळी हवा आणि सोबत मिळते, हा लाभ लहान नव्हे.

आता डावपेचांकडे वळू. प्रत्येक होलला ‘पार’ म्हणजे अपेक्षित फटक्यांची संख्या ठरलेली असते : तीन, चार किंवा पाच. ही संख्या निष्णात खेळाडूसाठी असते. ज्येष्ठांनी प्रत्येक होलला एक फटका वाढवून स्वतःचा पार ठरवावा. मैदानाचा एकूण पार ७२ असेल, तर आपला ९०. एवढ्या बदलाने मनावरचा ताण उतरतो आणि जिवाच्या आकांताने चेंडू मारण्याची गरज उरत नाही. शक्य असेल तेथे पुढच्या टीवरून, म्हणजे होलच्या जवळ आखलेल्या आरंभस्थानावरून खेळावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

पार तीनचा होल आखूड असतो. तेथे लांब स्टिक घेऊन सैल हाताने मारावे. आखूड स्टिकने जोर लावला की कंबरेला पीळ बसतो, आणि कंबरदुखी ही तर हौशी गोल्फपटूंची नेहमीची तक्रार. पार चारच्या होलवर दोन फटक्यांत ग्रीन गाठण्याचा मोह टाळावा. वाटेत पाणी वा बंकर असेल, तर त्याच्या अलीकडे चेंडू थांबवून तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर जावे. पार पाचचा होल सर्वांत लांब असल्याने खरी परीक्षा दमाची असते. तेथे घाईने चालू नये, चढ असेल तर कार्ट घ्यावी. उतारावर गुडघ्यांवर अधिक भार येतो, म्हणून लहान पावले टाकावीत.

वाळूच्या बंकरमध्ये नेहमी सखल बाजूने उतरावे. उंच काठावरून उतरताना पाय घसरण्याचा धोका असतो. ग्रीनवर पोहोचल्यावर वारंवार वाकणे टाळावे. २०१९ पासून नियमानुसार झेंड्याची काठी होलमध्येच ठेवून पटिंग करता येते, आणि चेंडू उचलण्यासाठी पटरच्या टोकाला बसवायचे रबरी साधनही मिळते. एखादा होल फारच बिघडला, तर चेंडू उचलून पुढे जावे. स्टेबलफोर्ड या गुणपद्धतीत अशा होलला केवळ शून्य गुण मिळतात, बाकीची फेरी वाया जात नाही.

प्रकृतीचा विचारही होलागणिक करावा. आपल्याकडील दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्यास वेळ लागतो. म्हणून पहाटेची वेळ निवडावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर होलला दोन-चार घोट पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. इन्सुलिन अथवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी खेळू नये. खिशात ग्लुकोज ठेवावे आणि तीन-चार होलनंतर काहीतरी खावे. बीटा ब्लॉकर प्रकारची औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही, म्हणून केवळ नाडीवर विसंबून राहू नये. चालताना बोलता येत नसेल, तर वेग निश्चितच अधिक आहे. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना पडून डोक्याला मार लागला, तर वरून जखम नसली तरी रुग्णालय गाठावे.

वळीव किंवा परतीच्या पावसात गडगडाट ऐकू येताच खेळ थांबवून पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली उभे राहू नये.

छातीवर दाब, जबड्यात वा हातात कळ, एकाएकी दम लागणे, गार घाम, भोवळ यांपैकी काहीही जाणवले, तर ‘एवढा होल संपवतो’ असे म्हणू नये. तेथेच बसावे, सोबत्याला सांगावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. बंदी येईल या भीतीने ज्येष्ठ अशी लक्षणे घरी लपवतात, हा मला सर्वांत मोठा धोका वाटतो. म्हणून कुटुंबीयांना माझी विनंती आहे, की खेळावर बंदी घालण्याऐवजी आधी तपासणी करून घ्यावी. औषधांची यादी आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या किटबॅगेत असावी. एकट्याने न खेळण्याचे वचनही जरूर घ्यावे. परतल्यावर मात्र गुण किती झाले हे विचारण्याआधी कसे वाटले, ते विचारावे. रागावण्याचे भय नसले, की खरे उत्तर मिळते.