तीनशे रुपयांचा कंट्रोलर आणि सरकारी कपाट

बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर गेल्या महिन्यात मी तीनशे रुपयांना बोटभर लांबीचा एक ब्लूटूथ कंट्रोलर विकत घेतला. मोबाइल बसवलेला व्हीआर चष्मा डोळ्यांवर चढवला की पडद्याला हात लावता येत नाही. त्यासाठी हे साधन. कोणत्या फोनवर चालेल, असे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, ‘‘चालला तर चालला, साहेब. परत मात्र आणू नका.’’

घरी नातवाच्या फोनवर तो जोडला. एका अ‍ॅपमध्ये बाण हलला, दुसऱ्यात नुसता आवाज कमीजास्त झाला, तिसऱ्यात काहीच घडले नाही. कारण अगदी साधे आहे. असा स्वस्त कंट्रोलर फोनला ‘मी कीबोर्ड आहे’, ‘मी माउस आहे’ किंवा ‘मी गेमपॅड आहे’ असे सांगतो. कोणत्या बटणाचा अर्थ काय, हे मात्र प्रत्येक उत्पादक आपापल्या मर्जीने ठरवतो. हात कोणत्या दिशेला वळला, हे त्याला बहुधा कळतही नाही, कारण त्यात जायरोस्कोप नसतो. स्वस्त फोनांतही तो अनेकदा गाळलेला असतो आणि मग मान वळवली तरी समोरचे दृश्य जागचे हलत नाही.

या खेळण्याची दखल राष्ट्रीय धोरणाच्या स्तंभात कशासाठी, असे कोणी विचारील. सेवेत असताना शाळांसाठीच्या अशाच एका खरेदीच्या समितीवर मी होतो. चष्मे एका निविदेतून आले, फोन दुसऱ्या, आणि कंट्रोलर ‘किरकोळ सुटे साहित्य’ म्हणून तिसऱ्या. तिन्ही ठिकाणी सर्वांत कमी दराची. तिन्ही वस्तू एकमेकींशी जुळतात का, हे पाहण्याचा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता. पुढे एका शाळेत गेलो, तेव्हा संच कपाटात कुलूपबंद होते. मुख्याध्यापिका संकोचाने म्हणाल्या, ‘‘मुलांना सूर्यमाला दिसते, साहेब, पण पुढे जाता येत नाही.’’ लेखापरीक्षणाने दर तपासले होते. ते बरोबरच होते. त्या कागदांवर माझीही सही आहे.

बड्या कंपन्यांवर विसंबून हा प्रश्न सुटत नाही, हेही आपण पाहिले आहे. गूगलने 2014 मध्ये पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ आणला. त्याचे बटण म्हणजे एक लोहचुंबक होते आणि त्याची हालचाल फोनमधला होकायंत्राचा संवेदक टिपत असे. ही युक्ती अनेक फोनांवर चालेना, तेव्हा पुढच्याच वर्षी ते बदलले. 2016 मध्ये ‘डेड्रीम’सोबत हाताची दिशा ओळखणारा चांगला कंट्रोलर आला, पण मोजक्याच फोनांसाठी. 2019 मध्ये कंपनीने तो उपक्रम गुंडाळला. ‘कार्डबोर्ड’चे सॉफ्टवेअर त्याच वर्षी खुले झाले, कंट्रोलरच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

इतिहासाचा विद्यार्थी असल्याने मला इथे सिम्प्युटर आठवतो. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतील अभियंत्यांनी याच शहरात त्याची कल्पना मांडली. 2004 मध्ये बाजारात आलेल्या ‘अमिडा’ या आवृत्तीत हालचाल ओळखणारा संवेदक होता. मनगटाला हिसका दिला की पान उलटे. आयफोन यायला अजून तीन वर्षे होती! त्याची रचना खुल्या परवान्याखाली होती. तो मागे पडला, याची कारणे अनेक सांगितली जातात. मला मोठे वाटते ते हे की, ठोक मागणी नोंदवणारे सरकार त्याच्या पाठीशी उभे राहिले नाही आणि तोवर मोबाइल फोन स्वस्त झाले.

आज कर्नाटकाचे 2024-29चे एव्हीजीसी-एक्सआर धोरण आहे, केंद्राने 2025 मध्ये सुट्या भागांसाठी 22,919 कोटींची योजना मंजूर केली. या आकड्यांपुढे माझी मागणी क्षुल्लक वाटेल. भारतीय मानक ब्यूरोने एक छोटे मानक प्रसिद्ध करावे: कोणत्या बटणाने कोणता संकेत जावा आणि हाताची दिशा फोनला कशी कळवावी. चार्जिंगसाठी टाइप-सीचे मानक ब्यूरोने काढलेच आहे. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून कमी शक्तीच्या उपकरणांना परवानामुक्त आहे, तरीही त्यांच्या लहरींना मान्यता घ्यावी लागते. म्हणजे लहरी आपण तपासतो. बटणांचा अर्थ तपासत नाही. खासगी ग्राहकावर सक्ती नको, पण सरकारी खरेदीत चष्मा, फोन आणि कंट्रोलर एकाच निविदेत असावेत आणि देयक मंजूर होण्यापूर्वी त्यांची जोडचाचणी एखाद्या शाळेच्या वर्गात, मुलांच्या हाती देऊन व्हावी.

स्वयंपूर्ण हेडसेट आल्यावर हे सारे कालबाह्य होईल, असा आक्षेप आहे. होईलही. परंतु त्या हेडसेटची किंमत हजारोंत आहे आणि वापरलेला फोन घरोघरी पडून आहे. जिओने 2023 मध्ये 1,299 रुपयांचा फोन बसवायचा चष्मा बाजारात आणला, तो कोणी तरी घेणार म्हणूनच.

माझा कंट्रोलर सध्या नातवाकडे आहे. कोणते बटण कुठे चालते, याची यादी त्याने वहीच्या मागच्या पानावर केली आहे. आतापर्यंत अकरा अ‍ॅप झाली आणि त्यांपैकी चारच जुळली.