तळ्याला काठ राहू द्या

सायकलीवर प्रेम करणाऱ्या माणसाने सायकलीच्या रस्त्याविरुद्ध लेखणी उचलावी, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. गेली चाळीस वर्षे मी सायकल चालवीत आहे, आणि अलीकडे चिरंजीवांच्या आग्रहाखातर जाड टायरांची, गिअरवाली ‘माउंटन बाइक’ही घेतली आहे. तरीही तळ्यांभोवती सायकलमार्ग बांधण्याचे जे खूळ सध्या बोकाळले आहे, त्याच्या विरुद्ध चार शब्द लिहिणे मला भाग आहे. दिवाळीच्या फराळात एखादा कारल्याचा काप आला, तर वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

आमच्या गावातही हे खूळ आले. गावच्या तळ्याला कडेकडेने भराव घालायचा, त्यावर रंगीत फरशा बसवायच्या, दिव्यांचे खांब रोवायचे, आणि या सगळ्याला ‘निसर्गाच्या सान्निध्यात सायकल’ असे नाव द्यायचे. निवेदनावर सह्या गोळा करणारी मंडळी माझ्या दारी आली. “काका, तुमच्यासारख्यांसाठीच तर आहे हे सारे!” असे ती म्हणाली. मी सही केली नाही. माझ्या नावावर तळे बुजवायचे आणि वर मीच आभार मानायचे, हा व्यवहार मला पटला नाही.

या मंडळींना माउंटन बाइक ही काय चीज आहे, हे तरी ठाऊक आहे काय? १९७६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात काही तरुणांनी डोंगरावरच्या कच्च्या, खडकाळ उतारावर सायकलींची शर्यत लावली. सायकली जुन्यापुराण्या, फुग्यासारख्या टायरांच्या, मोडीत निघालेल्या. उतार असा की, मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून त्याचा धूर व्हायचा आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागायचे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रीपॅक’ पडले. त्या खटाटोपातून पुढे ही डोंगरी सायकल घडली. म्हणजे जिथे रस्ता नाही, तिथे जाता यावे म्हणून जी जन्माला आली, तिच्यासाठी आता आम्ही रस्ता बांधणार! पोहणाऱ्याच्या सोयीसाठी नदीत फरशी घालण्यासारखाच हा शहाणपणा झाला.

तळ्याकाठची सायकलसफर कशी असते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी आश्विनात भंडारदऱ्याला जावे. मी गेल्या वर्षी गेलो होतो. शेंडीहून रतनवाडीकडे जाताना मधूनमधून सडक सोडून पाण्याच्या अंगाने जाणारी पायवाट मी धरली. पाऊस नुकताच सरला होता. जलाशय काठोकाठ भरून गवताला टेकला होता. उतारावर खुरासणी पिवळीधमक फुलली होती, हळवे भात कापणीला आले होते आणि समोर रतनगड धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ उभा होता. वाट म्हणाल तर हातभर रुंद. कुठे चिखल, कुठे दगड, कुठे आडवा ओढा. समोरून गवताचा भारा घेऊन एक बाई आली. मी सायकल बाजूला घेतली, तशी ती म्हणाली, “बाबा, उतरून जा, म्होरं निसरडं हाय.” मी उतरलो. ती वाट तिची होती, गुरांची होती, पाण्याची होती. मी पाहुणा होतो. पाहुण्याने यजमानाच्या घराच्या भिंती पाडून दार मोठे करू नये, एवढा शिष्टाचार तरी आपण पाळणार की नाही?

आता कोणी म्हणेल, भंडारदऱ्याचे तळे तरी कुठे देवाने केले आहे? प्रवरेवर धरण बांधले आणि ते १९२६ साली पुरे झाले, तेव्हा हे पाणी साठले. कबूल! बांध माणसाने घातला. पण काठ माणसाने घातलेला नाही. पावसाळ्यात चढणाऱ्या आणि उन्हाळ्यात ओसरणाऱ्या पाण्याने तो वर्षानुवर्षे घडवला आहे. पाणी आणि जमीन यांच्यामधली ही ओलसर पट्टी काही रिकामी जागा नव्हे. बेडूक, बगळे, खेकडे, माशांची पिले यांचा सारा संसार तिथेच मांडलेला असतो. तिथे एकदा भिंत उभी राहिली की काठ संपतो. उरतो तो फक्त हौद.

मुंबईच्या पवई तलावाचे उदाहरण ताजेच आहे. तोही माणसानेच, एकोणिसाव्या शतकात, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला. त्याच्याभोवती महानगरपालिकेने सायकल आणि पळण्याचा मार्ग आखला, कामही सुरू केले. जाळीत दगड भरून हा मार्ग होणार, त्यातून पाणी झिरपेल, सबब निसर्गाला धक्का नाही, असा युक्तिवाद झाला. या तलावात मगरी आहेत. मगरीची मादी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. जाळीतल्या दगडांत तिने ती कशी घालावी, याचे उत्तर या युक्तिवादात नाही. अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि ६ मे २०२२ रोजी न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवले. पाणथळ जागांसाठी २०१७ साली केलेल्या नियमांचा आधार घेऊन, केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा हुकूम दिला. सायकलस्वारांच्या नावाने घातलेला भराव कायद्यानेच उपसायला लावावा, ही सायकलस्वारांना खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मानतो. म्हाताऱ्यांनी आणि लहान मुलांनी तळे पाहायचे कसे? त्यांनी चिखलातून जावे काय? मुळीच नाही. त्यांच्यासाठी पाण्यापासून दूर, आहे त्या रस्त्याच्या कडेला सावली करा, बाके ठेवा. तळे लांबूनही सुंदरच दिसते. पण खरे सांगायचे तर मुलांना तळ्याभोवतीच्या चकरांपेक्षा घरापासून शाळेपर्यंतची वाट अधिक हवी आहे. ती कुठे आहे? पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. आज त्याच पुण्यात मुलाला सायकलवर शाळेत पाठवताना आईचा जीव टांगणीला लागतो.

इथेच या साऱ्या प्रकरणाची मेख आहे. सायकलीला जागा द्यायची तर ती मोटारीकडून घ्यावी लागेल. मोटारवाले बोलतात, भांडतात, मते देतात. त्यांच्याकडून वीतभर रस्ता मागण्याची कोणाची छाती नाही. बगळा निवेदन देत नाही, बेडूक मोर्चा काढत नाही. म्हणून मोटारीकडून वीतभर मागण्याऐवजी तळ्याकडून दहा हात घ्यायचे! आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरे काय? आणि वर फीत कापताना आम्हा सायकलस्वारांना टाळ्या वाजवायला बोलवायचे.

आम्ही त्या टाळ्या वाजवू नयेत, एवढेच माझे मागणे आहे. या दिवाळीत ज्या घरी नवी सायकल येईल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी आपल्या नगरसेवकाला एकच प्रश्न विचारावा: माझ्या मुलाला शाळेपर्यंत सुखरूप जाता येईल असा रस्ता केव्हा देणार? उत्तर मिळेपर्यंत तळ्याच्या कोणत्याही कागदावर सही करू नये. सुट्टीच्या दिवशी मुलांना खऱ्या काठावर न्यावे. चिखल लागला तर उतरावे, सायकल ढकलावी, समोरून भारा आला तर बाजूला व्हावे. वाट अरुंद आहे म्हणून मुले तक्रार करणार नाहीत. ती तक्रार आपण मोठी माणसेच करतो.